बोल्टला हात लावायचा नाही

उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये जाऊन बसलं, की आधी नजरेत भरतं ते मधलं हिरवंगार फुटबॉलचं मैदान. त्याच्याभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक. नॅसकार या मोटार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या नावाखाली दर आठवड्याला चालणाऱ्या शर्यती सुरू झाल्या त्या इथे, १९४९ मध्ये. हवेत जळक्या रबराचा वास असतो, हातात उकडलेल्या शेंगांचा पुडा असतो (हो, नॉर्थ कॅरोलायनात उकडलेल्या शेंगा आपल्यासारख्याच आवडीने खातात) आणि दोन गाड्या एकमेकींना घासल्या की अख्खं स्टेडियम उभं राहतं. लोक येतात ते मुख्यतः मॉडिफाइड, म्हणजे शर्यतीसाठी पार बदलून टाकलेल्या गाड्यांसाठी. मी थांबतो ते ‘स्टेडियम स्टॉक’ या सगळ्यात खालच्या गटासाठी. चार सिलिंडरच्या, पोचे आलेल्या जुन्या गाड्या, नंबर हातानं रंगवलेले, बॉनेट कधी पट्टीनं आवळलेलं. आणि या गटात गाड्या एवढ्या येतात की पुष्कळदा त्यांच्या दोन शर्यती लावाव्या लागतात.

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण आसपासच्या इतर छोट्या ट्रॅकवर मी वर्षानुवर्षं पाहतोय ते चित्र याच्या नेमकं उलटं आहे. निवेदक एखाद्या गटाची नावं वाचायला घेतो आणि सात-आठ नावांत संपवतो. मग दोन गट एकत्र करून एक शर्यत काढतात. गॅलरीत माणसं असतात, पण पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, जागा रिकामी. काही ट्रॅक तर उरलेच नाहीत: मर्टल बीचचा २०२० मध्ये गेला, कॅलिफोर्नियातला अर्विनडेल २०२४ च्या डिसेंबरात. वरच्या पातळीवरही आकडा आकसलाच. नॅसकारच्या मुख्य मालिकेत वर्षानुवर्षं ४३ गाड्या सुटायच्या. २०१६ पासून कमाल मर्यादा ४० झाली, आणि आता नेहमीच्या शर्यतीत तेवढ्याही भरत नाहीत. प्रेक्षकांचं म्हणाल तर डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मोठी शर्यत २००६ मध्ये टीव्हीवर १ कोटी ९४ लाख लोकांनी पाहिली होती. २०२५ मध्ये ७० लाखांच्याही आत.

याचं कारण विचारा, कुणीही एका शब्दात सांगेल: महागाई. टायर महागले, इंजिनं महागली, पेट्रोल महागलं. खरंच आहे. पण मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि त्यावर जे उपाय निघाले त्यांनी दुखणं वाढवलं असं माझं मत आहे. स्टॉक कार रेसिंग स्वस्त कधीच नव्हतं. फक्त पूर्वी त्या खर्चाचा बराचसा भाग घामात फेडता यायचा. खिसा रिकामा पण हात तयार, अशा माणसाला तिथे पत होती. ती पत नियम करून मोडीत काढली गेली.

मी पिंपरीत वाढलो. वडील फिटर होते. मशीन बंद पडलं की ‘नवा पार्ट मागवा’ म्हणणारा आणि ‘थांबा, बघतो’ म्हणणारा, यांतला फरक घरातच पाहिलेला. त्यामुळे या खेळाकडे माझं लक्ष गेलं ते वेगामुळे नाही. इथे ‘थांबा, बघतो’ म्हणणारी माणसं भरलेली दिसली म्हणून गेलं.

‘स्टॉक’ म्हणजे दुकानदाराकडे विकायला असलेली, जशीच्या तशी गाडी. १९ जून १९४९ रोजी शार्लटला नॅसकारची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ मालिकेतली पहिली शर्यत झाली, तेव्हा लोक अक्षरशः रस्त्यावरची गाडी घेऊन आले होते. ली पेटी या ड्रायव्हरनं ओळखीच्याची ब्यूक मागून आणली आणि ती शर्यतीत उलटवली. घरी परत कसा गेला असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. निशाण पडलं तेव्हा पहिला आला होता ग्लेन डनअवे. पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. ही चोरटी दारू वाहणाऱ्यांची युक्ती: मागे माल भरला तरी गाडी बसायची नाही आणि वळणावर हलायची नाही. त्याला बाद केलं आणि बक्षीस गेलं कॅन्ससच्या जिम रोपरला. गाडीचा मालक कोर्टात गेला, हरला. म्हणजे नियम आणि कारागिरी यांचं भांडण या खेळाच्या पहिल्याच दिवसापासूनचं आहे. तेव्हा नियम जिंकला ते योग्यच झालं, असंही मी म्हणेन. पण भांडण होऊ शकत होतं, कारण स्प्रिंगला हात लावणारा माणूस तिथे होता.

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट मेकॅनिक होता. कृष्णवर्णीय म्हणून कित्येक ट्रॅकवर त्याला नीट वागणूक मिळत नसे, आणि मोठा प्रायोजक त्याच्या वाटेला आला नाही. दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या घ्यायच्या, स्वतः दुरुस्त करायच्या, पिटमध्ये स्वतःची मुलं. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलमध्ये तो जिंकला, तेही नेड जॅरेट या दुसऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेल्या जुन्या शेव्हरलेटमधून. विजयाचं निशाण मात्र दुसऱ्यालाच दाखवलं गेलं. निकाल दुरुस्त झाला तो गर्दी घरी गेल्यावर. खरी ट्रॉफी कुटुंबाच्या हाती पडायला २०२१ उजाडलं. हा अन्याय या खेळाच्या नावावर आहेच, तो पुसायचं कारण नाही. पण त्याच खेळात स्कॉट मुख्य मालिकेच्या जवळजवळ पाचशे शर्यती धावू शकला, तो पैशाच्या नाही, हातांच्या जोरावर.

माझा लाडका ड्रायव्हर मात्र ॲलन कुलविकी. विस्कॉन्सिनचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. सामान घेऊन दक्षिणेत आला, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. ज्युनिअर जॉन्सनसारख्या बड्या मालकानं दिलेली ऑफर त्यानं नाकारली. १९९२ चं अजिंक्यपद शेवटच्या शर्यतीत, अटलांटाला ठरायचं होतं. कुलविकीच्या फोर्ड थंडरबर्डच्या बंपरवरची पहिली दोन अक्षरं काढून टाकली होती, म्हणून गाडीचं नाव झालं ‘अंडरबर्ड’. त्या दिवशी तो १०३ फेऱ्यांत आघाडीवर होता, प्रतिस्पर्धी बिल एलियट १०२. जास्तीत जास्त फेऱ्यांत पुढे राहणाऱ्याला बोनस गुण असत, ते एका फेरीच्या फरकानं याला मिळाले आणि हा दहा गुणांनी अजिंक्य ठरला. किती फेऱ्या पुढे राहिलं की पुरे, याचा हिशेब कुलविकीच्या संघानं शर्यत चालू असताना केला होता. पुढच्या एप्रिलमध्ये तो विमान अपघातात गेला. त्यानंतर मालक-ड्रायव्हर अजिंक्य व्हायला २०११ पर्यंत थांबावं लागलं, आणि तो टोनी स्टुअर्ट म्हणजे कोट्यवधींच्या संघाचा भागीदार होता. तो संघही २०२४ च्या अखेरीस बंद झाला.

आता खालच्या पायरीवर येतो, कारण खरी गळती तिथे आहे.

माझ्या शेजाऱ्यानं वीसेक वर्षं ‘स्ट्रीट स्टॉक’ या खालच्या गटात गाडी चालवली. शेव्हरलेटची जुनी माँटे कार्लो. दिवसा एअर कंडिशनर दुरुस्तीची कामं, संध्याकाळी गॅरेज. शनिवारी भिंतीला धडकला की रविवारी वाकलेला कंट्रोल आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) सोडवायचा, गॅसवर तापवायचा, घराच्या मागच्या ओक झाडाला साखळीनं बांधून जॅकनं ताणायचा. लांबी मोजायची, पुन्हा तापवायचा. त्या झाडाच्या बुंध्यावर साखळीचे वळ आहेत. नवा आर्म किती डॉलरला येतो हे त्याला ठाऊक होतं, पण दोन संध्याकाळी त्याच्याकडे फुकट होत्या.

मग ‘खर्चकपात’ आली. इंजिनांवर पैसा पाण्यासारखा जातोय, म्हणून ट्रॅकवाल्यांनी ‘क्रेट इंजिन’ आणलं: कारखान्यातून पेटीत बंद येणारं, सगळ्यांना सारखं, खास बोल्टनं सील केलेलं. सील तुटलं की गाडी बाद. हेतू चांगला होता, आणि इंजिनांची चढाओढ यानं खरंच थोपवली, हे मान्य करायला हवं. पैसेवाला तीस-तीस हजारांचं इंजिन बांधून घ्यायचा त्याला चाप बसला. पण शेजाऱ्याचं काय झालं? तो भंगारातून आणलेला इंजिनाचा ब्लॉक स्वतः घासूनपुसून बांधायचा. त्याचं इंजिन स्वस्त होतं, कारण मजुरी त्याची होती. आता त्याला रोख पैसे मोजून पेटी घ्यावी लागली. ती आली त्या दिवशी मी तिथेच होतो. त्यानं टॉर्च मारून एकेक बोल्ट बघितला आणि म्हणाला, “म्हणजे बिघडलं तरी मी फक्त बघत बसायचं.” दुरुस्तीला ते अधिकृत माणसाकडेच पाठवावं लागतं. दुरुस्तीचं असं बिल शेजाऱ्यानं कधीच कुणाला दिलं नव्हतं.

आणि वाचलेला पैसा गेला कुठे? पैसेवाल्यानं तो शॉक ॲब्सॉर्बरमध्ये घातला, दर शनिवारी कोऱ्या टायरच्या जोडीत घातला, मधल्या वारी ट्रॅक भाड्यानं घेऊन सराव करण्यात घातला. उंदराचं एक बीळ बुजवलं की तो दुसरं उकरतो, तसं. सारख्या इंजिनांमुळे फरक सेकंदाच्या शंभराव्या भागावर आला. तेवढासा फरक काढायला लागते ती मोजमापं, संगणक, सल्लागार, म्हणजे पुन्हा पैसाच. शेजाऱ्याचे टायर तीन आठवड्यांचे. जिंकला तरी बक्षिसात टायर सुटत नसे, आणि जिंकणंही थांबलंच होतं. एक दिवस गाडी विकायला काढली. कुणी फसवलं नाही, कुणी हाकललं नाही.

आपल्याकडे बैलगाड्याच्या घाटात हीच कुरकुर ऐकू येते, की बैल घरच्या गोठ्यात वाढायचा तो आता लाखांत विकत आणावा लागतो. तुलना फार ताणत नाही. त्या विषयाचे कज्जे वेगळे आहेत.

हेच औषध वरच्या पायरीवरही पाजलं गेलं. २०२२ मध्ये नॅसकारनं ‘नेक्स्ट जेन’ गाडी आणली. चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी, गिअरबॉक्स सगळं ठरवून दिलेल्या एकेका पुरवठादाराकडून. संघांनी स्वतःच्या कारखान्यात सुटे भाग घडवायचे नाहीत, जोडायचे फक्त. सांगितलं गेलं की यानं खर्च कमी होईल. त्याच वर्षी मार्चमध्ये ड्रायव्हर ब्रॅड केसेलोव्स्कीच्या संघानं अशा एका भागात फेरफार केला म्हणून १०० गुण कापले आणि एक लाख डॉलर दंड झाला. १९४९ च्या स्प्रिंगांची आठवण येते, नाही? फक्त तेव्हा फेरफार करणारा दारूवाला होता, आता पगारी इंजिनिअर.

खर्च मात्र कमी झाला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचा २३इलेव्हन संघ आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स यांनी नॅसकारवर मक्तेदारीचा दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये शार्लटच्या कोर्टात सुनावणीत जे बाहेर आलं ते मजेशीर होतं. जॉर्डनचा भागीदार डेनी हॅमलिननं साक्षीत सांगितलं की एक गाडी वर्षभर पळवायला दोन कोटी डॉलर लागतात, आणि करारातून हमीनं मिळतात सव्वा कोटी. बाकीचे प्रायोजक शोधून आणा. जॉर्डनसारख्याला ही ओढाताण परवडत नसेल तर बाकीच्यांनी काय करावं? डेन्व्हरच्या फर्निचर रो संघानं २०१७ चं अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्या हंगामाअखेर दुकान बंद केलं, कारण मोठा प्रायोजक निघून गेला.

या सगळ्याच्या मुळाशी नॅसकारनं संघांना दिलेल्या ३६ सनदा (चार्टर) आहेत, २०१६ पासूनच्या. सनद असेल तर शर्यतीत जागा पक्की आणि उत्पन्नात वाटा पक्का. मराठीत याला सरळ वतन म्हणतात. फर्निचर रोची सनद २०१८ मध्ये साठ लाख डॉलरच्या आसपास गेली. सहा वर्षांत जॉर्डनच्याच संघानं एका सनदेसाठी २ कोटी ८० लाख मोजले. खटला अखेर ११ डिसेंबरला मिटला, आणि तडजोडीत सनदा कायमच्या झाल्या. वतनदारांच्या दृष्टीनं न्याय झाला, त्यांनी घातलेला पैसा सुरक्षित झाला. पण आज कुणी नवा कुलविकी ट्रेलर जोडून निघाला तर त्याच्यासाठी यात काय आहे? उरलेल्या चार खुल्या जागा, तेही बक्षिसाच्या उष्ट्यावर.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: सुरक्षा. १८ फेब्रुवारी २००१ रोजी नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शेवटच्या वळणावर अपघातात मरण पावला. त्याच वर्षी मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, पुढे मऊ भिंती आल्या, सीटची रचना बदलली. हे सगळं महाग आहे आणि यातल्या एका डॉलरबद्दलही माझी तक्रार नाही. पण सुरक्षेचं नाव घेऊन सगळाच खर्च त्या छत्रीखाली घुसवता येत नाही. सील केलेल्या बोल्टनं कुणाची मान वाचत नाही.

दुसरं एक कारण आहे ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही: कच्चा मालच संपला. खालच्या गटांचा खेळ उभा होता तो सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांवर. वेगळी लोखंडी फ्रेम, मागच्या चाकांना ताकद, ठोकून सरळ करता येणाऱ्या. माँटे कार्लोची ती पिढी १९८८ पर्यंत संपली. नंतरच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांच्या, आणि फ्रेम-बॉडी एकच. एकदा वाकली की वाकली. त्यात २००९ मध्ये सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली. पावणेसात लाखांहून अधिक गाड्या जमा झाल्या, आणि इंजिन पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ते चालू ठेवायचं, जाम होईपर्यंत. उद्देश इंधन वाचवण्याचा होता, पण ते इंटरनेटवर बघताना शेजाऱ्यानं तोंड फिरवलं होतं.

म्हणून सार्वजनिक पैशाचा प्रश्न येतो तेव्हा मी जरा चिडतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं २०२१ च्या अंदाजपत्रकात केंद्राच्या करोना मदतनिधीतून नॉर्थ विल्क्सबरो ट्रॅकसाठी १ कोटी ८० लाख डॉलर दिले. १९९६ नंतर बहुतेक काळ ओस पडलेला, गवत वाढलेला तो ट्रॅक पुन्हा उभा राहिला. २०२३ मध्ये तिथे नॅसकारची ऑल-स्टार शर्यत झाली आणि मीही गेलो, माझेही डोळे ओले झाले. पण तिथे परतला तो टीव्हीचा कार्यक्रम. त्याच जिल्ह्यातला पोरगा शनिवारी गाडी घेऊन येईल अशी सोय त्यातून झाली का? त्या पैशाचा दहावा हिस्सा शाळांच्या ऑटो शॉपमध्ये आणि साप्ताहिक ट्रॅकच्या विम्यात गेला असता, तर मला तो जास्त सार्थकी वाटला असता.

संगणकावरच्या शर्यतीचं उदाहरण हल्ली सगळे देतात. विल्यम बायरन तिथेच शिकला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोनदा डेटोना ५०० जिंकला. रजा करुथही तिथूनच आला. छानच. पण त्यानं ड्रायव्हर मिळतात, मेकॅनिक नाही, आणि खऱ्या गाडीत बसायची वेळ आली की सीटचे पैसे लागतातच. आपल्या नारायण कार्तिकेयननं २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत मोजक्या शर्यती केल्या आणि त्या मालिकेचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर ठरला, तरी ती वाट पुढे गेली नाही.

मला विचाराल तर जुना ‘क्लेम’चा नियम परत आणावा. शर्यत संपल्यावर जिंकणाऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला कुणीही प्रतिस्पर्धी मागू शकतो; द्यायला नकार दिला तर विजय गेला. हजाराला उचलून नेतील म्हटल्यावर दहा हजारांचं इंजिन बसवायची कुणाची छाती होईल? शिवाय त्यात कारागिराला मोल आहे: हजारात चांगलं बांधलंस, शाबास, आता पुन्हा बांध. भांडणं होतात, डूख धरून इंजिनं मागितली जातात, हे मी पाहिलंय. तरी सीलबंद पेटीपेक्षा हे भांडण परवडलं. टायरचंही तसंच, हंगामाला किती घ्यायचे ते ठरवून खूण करावी. आणि पहिल्या क्रमांकाची रक्कम कापून शेवटच्या पाच गाड्यांना गावी परतण्यापुरतं पेट्रोल द्यावं, कारण पहिला येणारा पुढच्या शनिवारी येणारच असतो.

शेजाऱ्यानं गेल्या हिवाळ्यात लिलावातून फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया आणली. पोलिसांकडून निवृत्त झालेली, वेगळ्या फ्रेमची, मागच्या चाकांची. २०११ नंतर त्या बनतच नाहीत, पण भंगारात अजून मिळतात, आणि काही ट्रॅकवर त्यांचा स्वतंत्र गट निघालाय. नियमांचा कागद पाठपोट एक. दारावर पांढरा रंग खरवडल्यावर खालची जुनी अक्षरं पुसट दिसतात. त्यानं पुढचा बंपर सोडवला, वाकलेला क्रॉस मेंबर (फ्रेमचा आडवा दांडा) मला दाखवला आणि साखळी कुठे ठेवलीय ते विचारायला घरात गेला.